डेस्कटॉप अ‍ॅप्लिकेशनने डेटाबेस सर्व्हरशी कनेक्शन किती वेळ धरून ठेवावे?

अर्धविराम

नमस्कार. भांडारातील आवक-जावक नोंदवण्यासाठी विंडोजवर चालणारे एक डेस्कटॉप अ‍ॅप्लिकेशन आम्ही सी-शार्पमध्ये लिहिले आहे. आतापर्यंत पोस्टग्रेस (आमचा डेटाबेस सर्व्हर) त्याच संगणकावर होते. आता डेटाबेस वेगळ्या लिनक्स सर्व्हरवर हलवला असून दहा-बारा संगणकांवरून त्याच्याशी जोडणी करायची आहे. अ‍ॅप्लिकेशन सुरू होताच एक कनेक्शन उघडले जाते, ते एका ग्लोबल व्हेरिएबलमध्ये राहते आणि प्रोग्रॅम बंद होईपर्यंत सगळे फॉर्म तेच वापरतात.

अडचणी तीन आहेत. पहिली अशी की काही संगणकांवरून जोडणी होतच नाही. त्यांतही काही ठिकाणी त्रुटीचा संदेश लगेच येतो, तर काही ठिकाणी पंधरा सेकंद थांबून येतो. दुसरी अशी की जेथे जोडणी होते तेथेही अ‍ॅप्लिकेशन बराच वेळ नुसते उघडे राहिले की त्यानंतरच्या पहिल्याच क्लिकला कनेक्शन तुटल्याचा संदेश मिळतो. तिसरी अडचण सर्वांत त्रासदायक आहे: कधीकधी नोंद जतन करताना पडदा गोठतो, आणि दुसऱ्याच कोणाच्या तरी संगणकावरील अ‍ॅप्लिकेशन बंद केल्यावर तो आपोआप मोकळा होतो. या तिन्हींचे मूळ एकच आहे की ती वेगवेगळी दुखणी आहेत, याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे.

तळटीप

पहिली अडचण वेगळी आहे, तेव्हा ती आधी बाजूला काढू. दुसरी आणि तिसरी मात्र त्या ग्लोबल व्हेरिएबलपाशी येऊन मिळतात, असे माझे मत आहे. त्याविषयी नंतर लिहितो.

जोडणी होत नाही असे आपण म्हणतो तेव्हा ती नेमकी कुठवर पोचून अडली हे संदेशावरूनच कळते, म्हणून तो संदेश अक्षरशः उतरवून घ्यावा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ असा संदेश लगेच, फार तर दोन-एक सेकंदांत आला, तर समोरचा संगणक जागेवर आहे, पण त्या पोर्टवर (सर्व्हर ज्या क्रमांकाच्या दारापाशी जोडणीची वाट पाहतो तेथे) कोणीही ऐकत नाही असा त्याचा अर्थ होतो. याचे एक नेहमीचे कारण म्हणजे पोस्टग्रेसच्या मुख्य कॉन्फिगरेशन फाईलमधील ‘लिसन अ‍ॅड्रेसेस’ हे सेटिंग मुळात फक्त लोकलहोस्टपुरते असते. ते बदलल्यावर सर्व्हर रीस्टार्टच करावा लागतो, नुसत्या रीलोडने काम होत नाही. दुसरे कारण याहून साधे आहे: जोडणीचा तपशील लिहिलेल्या कनेक्शन स्ट्रिंगमध्ये सर्व्हरच्या नावाच्या जागी ‘लोकलहोस्ट’ राहून गेलेले असते आणि प्रत्येक संगणक सर्व्हरचा शोध स्वतःच्याच पोटात घेत बसतो.

पंधरा सेकंदांनंतर येणारा संदेश वेगळे सांगतो. सी-शार्पमधून पोस्टग्रेसशी बोलणाऱ्या एनपीजीएसक्यूएल या ड्रायव्हरमध्ये जोडणीसाठीची मूळ कालमर्यादा पंधरा सेकंदांचीच आहे. म्हणजे पाठवलेल्या पॅकेटला होकार आला नाही की नकारही आला नाही, वाटेत कोणीतरी ते गिळले. हे काम बहुधा फायरवॉलचे असते. पत्ताच चुकीचा असेल तरीही असेच घडते. ज्या संगणकांवर थांबून त्रुटी येते ते वेगळ्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या भागात) आहेत का, हे पाहावे. विंडोजच्या पॉवरशेलमधील ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ ही आज्ञा सर्व्हरचे नाव आणि ५४३२ हा पोर्ट देऊन चालवली, की अ‍ॅप्लिकेशनला हात न लावता याची शहानिशा होते. पिंग लागतो म्हणून पोर्टही खुला असेल असे मात्र समजू नये.

या दोन्हींच्या पुढे गेल्यावर ‘पीजी-एचबीए’ या फाईलचा अडथळा येतो. कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या वापरकर्त्याने, कोणत्या डेटाबेसला, कोणत्या पद्धतीने ओळख पटवून यायचे हे तिच्यात ओळीओळीने लिहिलेले असते. सर्व्हर वरून खाली वाचत जातो, जुळणारी पहिली ओळ घेतो आणि तिथेच थांबतो. त्या ओळीनुसार ओळख पटली नाही तर पुढच्या ओळी तपासल्या जात नाहीत. म्हणून खाली कितीही उदार ओळ लिहिली आणि वर एखादी कडक ओळ जुळत असली, तर खालच्या ओळीचा उपयोग शून्य. या फाईलसाठी रीलोड पुरेसा असतो.

अर्धविराम

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. दोन्ही प्रकार निघाले. तीन संगणकांवरच्या फाईलमध्ये खरोखरच ‘लोकलहोस्ट’ होते, आणि वेगळ्या सबनेटमधील संगणकांसाठी फायरवॉलमध्ये नियम नव्हता. अ‍ॅप्लिकेशन आता सगळीकडून जोडले जाते.

मात्र अहवाल काढण्यासाठी एक जुने साधन आहे, जे ओडीबीसीमार्फत (डेटाबेसशी जोडण्याच्या विंडोजमधील सामाईक सोयीमार्फत) जोडले जाते. ते ‘स्क्रॅम’ या ओळखपद्धतीसाठी लिबपीक्यू या पोस्टग्रेसच्या क्लायंट लायब्ररीची दहावी किंवा त्यापुढची आवृत्ती लागते असे सांगते. नवा ड्रायव्हर बसवला तर ड्रायव्हर आणि अ‍ॅप्लिकेशन यांच्या आर्किटेक्चरमध्ये मेळ नाही असा संदेश येतो. सर्व्हरवर जुनी एमडी५ पद्धत लावली तर हे मिटेल का?

काटकोन

मिटेल, पण तसे करू नये. एका जुन्या साधनासाठी सगळ्यांची सुरक्षा खाली उतरवणे योग्य नाही. स्क्रॅम पद्धत पोस्टग्रेसच्या दहाव्या आवृत्तीत, म्हणजे २०१७ साली आली आणि चौदाव्या आवृत्तीपासून नवे पासवर्ड मुळातच त्या पद्धतीने साठवले जातात. एक बाब लक्षात असू द्या: ज्या वापरकर्त्याचा पासवर्ड एमडी५ काळात ठरवलेला आहे, त्याच्यासाठी नुसती पीजी-एचबीएमधील ओळ बदलून भागत नाही, तो पासवर्ड पुन्हा द्यावा लागतो, कारण साठवलेल्या जुन्या हॅशपासून (पासवर्डच्या उलट न उलगडणाऱ्या रूपापासून) नवा हॅश बनवता येत नाही.

आर्किटेक्चरचा संदेश म्हणजे ३२ बिट आणि ६४ बिट यांचा घोळ आहे. अहवालाचे साधन ३२ बिटचे असणार आणि आपण ६४ बिटचा ड्रायव्हर बसवला असणार. साधन ज्या बिटचे असेल त्याच बिटचा ड्रायव्हर आणि त्याच बिटचा डेटा सोर्स लागतो. विंडोज स्वतः ६४ बिटचे आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. येथे मायक्रोसॉफ्टने करून ठेवलेली एक गंमत आहे. ६४ बिटच्या विंडोजवर ओडीबीसीची सेटिंग्ज उघडणारे दोन प्रोग्रॅम असतात, दोन्हींच्या फाईलचे नाव ‘ओडीबीसीएडी३२’ असेच आहे, त्यांतील ‘सिस्टीम३२’ या फोल्डरमधला ६४ बिटचा असतो आणि ‘सिसवॉव६४’ या फोल्डरमधला ३२ बिटचा. नावावर विश्वास ठेवणारा हमखास उलट्या खिडकीत शिरतो.

ड्रायव्हर निवडताना यादीत ‘अन्सी’ आणि ‘युनिकोड’ अशी दोन नावे दिसतील, त्यांतील युनिकोडच घ्यावे. अन्सी घेतल्यास देवनागरीतील मजकूर अहवालात प्रश्नचिन्हांच्या रांगेत बदलण्याची शक्यता असते, आणि मग लोक डेटाबेसच बिघडला असे समजून तिकडे दुरुस्त्या करत बसतात.

तळटीप

आता दुसरी अडचण, म्हणजे नुसते उघडे राहिलेले कनेक्शन.

टीसीपी जोडणीवर कोणीच काही बोलत नसेल तर तिच्या दोन टोकांमध्ये काहीही ये-जा होत नाही. ती ‘चालू’ आहे ही केवळ दोन्ही टोकांनी स्वतःपाशी ठेवलेली नोंद असते. वाटेतील फायरवॉल किंवा नॅट (पत्त्यांची अदलाबदल) करणारा राउटर अशा जोडण्यांचा स्वतःचा तक्ता ठेवतो आणि काही वेळ शांतता दिसली की त्या तक्त्यातून नोंद काढून टाकतो. तो हे दोन्ही टोकांपैकी कोणालाही कळवत नाही. त्यामुळे आपल्या प्रोग्रॅमला कनेक्शन उघडेच दिसते, सर्व्हरलाही उघडेच दिसते, आणि पहिली क्वेरी पाठवल्यावर सत्य बाहेर येते. लॅपटॉप झोपेत जाणे, वायफाय बदलणे, सर्व्हर रीस्टार्ट होणे यांचाही परिणाम हाच.

जोडणी जिवंत ठेवण्यासाठी टीसीपीमध्ये कीप-अलाइव्हची सोय आहे, परंतु लिनक्स आणि विंडोज या दोन्हींवर तिचा मूळ अवधी दोन तासांचा असतो आणि वाटेतील उपकरणे इतकी सहनशील क्वचितच असतात. ड्रायव्हरमध्ये कीप-अलाइव्हचा अवधी काही सेकंदांवर आणता येतो आणि आपली दुसरी तक्रार त्याने बहुतांशी थांबेलही. पण मी तो पहिला उपाय म्हणून सुचवणार नाही. माणूस पडद्यासमोर बसून विचार करत असताना, फोनवर बोलत असताना किंवा उठून गेलेला असताना डेटाबेसशी कनेक्शन धरून ठेवायचेच कशाला, हा आधीचा प्रश्न आहे.

कनेक्शन क्वेरीच्या अगदी आधी उघडावे आणि उत्तर हाती येताच बंद करावे. सी-शार्पमध्ये ते ‘यूझिंग’ ब्लॉकमध्ये उघडले की त्रुटी आली तरी ते बंद होते. दर वेळी नवे कनेक्शन उघडणे महाग पडेल ही भीती ड्रायव्हरच्या अंगच्या कनेक्शन पूलमुळे उरत नाही: आपण ‘क्लोज’ म्हणतो तेव्हा जोडणी खरोखर तुटत नाही, ती पूलमध्ये परत जाते आणि पुढच्या ‘ओपन’ला तीच मिळते. सत्रापुरती बदललेली सेटिंग्जही मधल्या काळात पुसली जातात, म्हणजे एका फॉर्मने बदललेली सेटिंग दुसऱ्या फॉर्मला चिकटत नाही. बराच काळ वापरात नसलेली कनेक्शने पूल स्वतःहून बंद करतो; एनपीजीएसक्यूएलमध्ये हा अवधी मुळात ३०० सेकंदांचा आहे.

येथे एक हिशेब मात्र करावा लागतो. पूल प्रत्येक प्रोसेसमध्ये वेगळा असतो आणि त्याची कमाल मर्यादा मुळात १०० कनेक्शनांची असते. पोस्टग्रेस सर्व्हरवरील एकूण कनेक्शनांची मूळ मर्यादाही १०० च आहे आणि त्यांतील तीन सुपरयूजरसाठी राखून ठेवलेली असतात. वेब सर्व्हरसाठी ठरवलेला हा आकडा डेस्कटॉपवर निरर्थक आहे, कारण एका माणसासमोरच्या एका प्रोग्रॅमला एका वेळी दोन-तीन कनेक्शने पुरतात. कमाल मर्यादा पाचवर आणावी. कोठे ‘क्लोज’ करायचे राहून गेले असेल तर मर्यादा लहान असल्याने ते आपल्याच संगणकावर लवकर उघडकीस येईल, सगळ्यांचा सर्व्हर भरेपर्यंत वाट पाहावी लागणार नाही.

शेवटचा_रकाना

थोडा विरोधी सूर लावतो. आमचे अ‍ॅप्लिकेशन एकाच स्विचवरील संगणकांवर, प्रत्येकी एकच कनेक्शन दिवसभर उघडे ठेवून, वर्षानुवर्षे चालते आहे. वाटेत फायरवॉल नाही, नॅट नाही. प्रत्येक छोट्या क्वेरीला ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ लिहीत बसणे म्हणजे वेब प्रोग्रॅमरांच्या सवयी डेस्कटॉपवर लादणे आहे. शिवाय पोस्टग्रेसमधील ‘लिसन-नोटिफाय’ वापरून एका संगणकावरचा बदल दुसऱ्याला तत्काळ कळवायचा असेल तर कायम उघडे कनेक्शन लागतेच.

तळटीप

लिसन-नोटिफायचा मुद्दा पूर्णपणे मान्य आहे. त्यासाठी एक वेगळे कनेक्शन कायम उघडे ठेवावे, त्याला कीप-अलाइव्ह द्यावे, तुटल्यास पुन्हा जोडण्याची आणि मधल्या काळात हुकलेले बदल टेबलमधून वाचून घेण्याची व्यवस्था करावी. नोंदी लिहिण्याचे काम मात्र त्या कनेक्शनवर करू नये.

एकाच स्विचवर आपले चालते याबद्दलही शंका नाही. उघडे कनेक्शन स्वतः फारसे नुकसान करत नाही. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनसाठी एक वेगळी प्रोसेस चालते, ती थोडी मेमरी घेते, इतकेच. नुकसान होते ते त्या कनेक्शनवर ट्रॅन्झॅक्शन (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणाऱ्या बदलांचा संच) उघडे राहिल्यामुळे, आणि ग्लोबल कनेक्शन वापरणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कोणत्या फॉर्मने ट्रॅन्झॅक्शन सुरू केले आणि ते कोणी संपवायचे होते, हे काही काळानंतर कोणालाच सांगता येत नाही. प्रश्नकर्त्यांची तिसरी अडचण मला त्यातलीच दिसते.

उंबरठा

तिसऱ्या अडचणीबद्दल माझाही अंदाज तोच आहे. @अर्धविराम, नोंद दुरुस्त करण्याचा फॉर्म उघडताना आपण ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ वापरता का?

अर्धविराम

होय. दोघांनी एकच नोंद एका वेळी बदलू नये म्हणून फॉर्म उघडताना ट्रॅन्झॅक्शन सुरू करून ती ओळ लॉक करतो आणि ‘जतन’ किंवा ‘रद्द’ दाबल्यावर ट्रॅन्झॅक्शन संपवतो.

उंबरठा

मग पडदा का गोठतो हे स्पष्ट आहे. एका कर्मचाऱ्याने बोल्टची नोंद दुरुस्तीसाठी उघडली आणि तो उठून गेला. ती ओळ आता त्याच्या नावावर लॉक आहे. दुसऱ्या कर्मचाऱ्याने त्याच बोल्टची जावक नोंदवली, तेव्हा शिल्लक कमी करणारा ‘अपडेट’ त्या लॉकपाशी जाऊन थांबला. आपली क्वेरी पडदा रंगवणाऱ्या थ्रेडवरच चालत असल्याने खिडकी हलतही नाही, आणि वापरणाऱ्याला वाटते की सर्व्हर बंद पडला.

याहून वाईट प्रकार म्हणजे लॉक धरून ठेवणाऱ्या संगणकाची वीज जाणे. प्रोग्रॅम नीट बंद झाला असता तर जोडणी तुटल्याचा निरोप सर्व्हरला गेला असता. येथे निरोपच जात नाही. सर्व्हर आपल्या बाजूने कीप-अलाइव्ह तपासतो, पण वर सांगितलेल्या दोन तासांच्या मूळ अवधीनुसार. तोवर ती ओळ लॉकच राहते, आणि ज्याचा संगणक बंद आहे त्याच्याकडे जाऊन ‘अ‍ॅप्लिकेशन बंद करा’ असे सांगण्याचीही सोय नसते. सर्व्हरवरील ‘टीसीपी कीप-अलाइव्हज आयडल’ साठ सेकंदांच्या आसपास आणणे हा यावरचा तातडीचा उपाय.

सध्याची स्थिती पाहण्यासाठी ‘पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटी’ हा व्ह्यू (टेबलासारखी वाचता येणारी तयार क्वेरी) उघडा. त्यात ज्या जोडण्यांची अवस्था ‘आयडल इन ट्रॅन्झॅक्शन’ अशी दिसेल त्या म्हणजे ट्रॅन्झॅक्शन उघडून स्वस्थ बसलेल्या जोडण्या. कोण कोणामुळे अडले आहे हे ‘पीजी-ब्लॉकिंग-पिड्स’ या फंक्शनने कळते, ते ९.६ आवृत्तीपासून आहे. त्याच आवृत्तीत अशा स्वस्थ बसलेल्या ट्रॅन्झॅक्शनला ठरावीक वेळेनंतर तोडणारी कालमर्यादाही आली आणि ती अवश्य लावावी. पण तिला सुरक्षेची शेवटची जाळी समजावे, कारण ती कनेक्शनच तोडते आणि ज्याचे काम अर्धवट होते त्याच्या पडद्यावर त्रुटी येऊन आदळते. शिवाय अशी उघडी ट्रॅन्झॅक्शने व्हॅक्यूमलाही अडवतात: ओळीच्या जुन्या, टाकाऊ प्रती साफ करता येत नाहीत आणि टेबल फुगत जाते. त्याचा त्रास लॉकशी संबंध नसलेल्या क्वेरींनाही होतो.

खरा उपाय म्हणजे फॉर्म उघडताना लॉक घेऊच नये. टेबलमध्ये ‘आवृत्ती’ असा एक पूर्णांकी रकाना ठेवावा. फॉर्म उघडताना ओळ साध्या सिलेक्टने वाचावी, तिची आवृत्ती, समजा ७, फॉर्मपाशी जपून ठेवावी आणि कनेक्शन बंद करावे. मग माणसाने हवा तेवढा वेळ घ्यावा. जतन करताना अपडेटच्या अटीत ओळीच्या क्रमांकासोबत ‘आवृत्ती ७ च असेल तर’ ही अट घालावी आणि त्याच अपडेटमध्ये आवृत्ती ८ करावी. किती ओळी बदलल्या हे सर्व्हर सांगतोच. एक ओळ बदलली तर काम झाले. शून्य बदलल्या तर मधल्या काळात कोणीतरी ही नोंद बदलली आहे, तेव्हा नवी नोंद वाचून दोन्ही मजकूर वापरणाऱ्यासमोर ठेवावेत.

शिल्लक संख्येसाठी तर एवढेही लागत नाही. शिल्लक ४० वाचायची, प्रोग्रॅममध्ये ५ वजा करायचे आणि ३५ लिहायचे, या पद्धतीत दोघांनी एकाच वेळी ४० वाचले तर एकाची वजाबाकी हरवते. त्याऐवजी ‘शिल्लक बरोबर शिल्लक उणे ५, जर शिल्लक ५ किंवा अधिक असेल तर’ असा एकच अपडेट पाठवावा. लॉक सर्व्हर स्वतः घेतो आणि ट्रॅन्झॅक्शन संपताच सोडतो. ट्रॅन्झॅक्शन काही मिलिसेकंदांचे असल्याने दुसऱ्याला थांबावे लागले तरी ते जाणवत नाही. जावकेची नोंद आणि शिल्लक यांचे अपडेट एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये असावे, पण ते ट्रॅन्झॅक्शन ‘जतन’ दाबल्यानंतर सुरू व्हावे आणि त्याच्या मध्ये कोणतीही संदेशखिडकी उघडू नये. ‘आपली खात्री आहे का?’ हा प्रश्न ट्रॅन्झॅक्शन सुरू होण्याआधी विचारून घ्यावा.

काटकोन

यात क्वेरी पडद्याचा थ्रेड न अडवता, म्हणजे ‘असिंक-अवेट’ पद्धतीने चालवण्याची भर घालतो. त्याने लॉक सुटत नाही, पण पडदा जिवंत राहतो आणि ‘रद्द करा’ हे बटण दाबता येते. फक्त एकच कनेक्शन दोन असिंक कामांनी एका वेळी वापरू नये. ‘आधीची आज्ञा अजून चालू आहे’ अशी त्रुटी येते. कनेक्शन ग्लोबल असेल तर हे आज ना उद्या होणारच.

शेवटचा_रकाना

लॉकविषयीचे विवेचन पटले. तरी एक शंका उरते. कनेक्शन पूलमधून घेतले तरी ते मृत निघू शकते. अशा वेळी प्रोग्रॅमने आपोआप पुन्हा प्रयत्न करावा का?

तळटीप

वाचनाच्या क्वेरीसाठी खुशाल करावा. लेखनासाठी एक बारीक फट आहे. प्रोग्रॅमने ‘कमिट’ (ट्रॅन्झॅक्शन कायम करण्याची आज्ञा) पाठवले, सर्व्हरने ते केलेही, आणि ‘झाले’ असे उत्तर परत येण्याच्या आत जोडणी तुटली, तर प्रोग्रॅमच्या हाती फक्त त्रुटी येते. नोंद झाली की नाही हे त्याला त्या त्रुटीवरून कळू शकत नाही. डोळे झाकून पुन्हा पाठवले तर जावक दोनदा नोंदली जाईल. म्हणून ‘जतन’ दाबताच प्रोग्रॅमनेच नोंदीसाठी एक यूयूआयडी (पुन्हा न येणारा ओळख-क्रमांक) तयार करावा, तो जावकेच्या टेबलमधील एकमेव असण्याची अट असलेल्या रकान्यात लिहावा आणि पुन्हा प्रयत्न करताना तोच यूयूआयडी वापरावा. पहिला प्रयत्न यशस्वी झाला असेल तर दुसरा त्या अटीवर आपटतो, त्याच्यासोबत शिल्लकेचा अपडेटही मागे घेतला जातो, आणि प्रोग्रॅमला कळते की काम आधीच झाले आहे.

उंबरठा

विषय जोडणीचाच असल्याने पासवर्डबद्दल कोणीतरी बोलायला हवे होते. अ‍ॅप्लिकेशन सध्या कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने जोडले जाते?

अर्धविराम

सर्व संगणकांवर एकच वापरकर्ता आहे आणि टेबलांची मालकीही त्याच्याकडेच आहे. पासवर्ड प्रोग्रॅममध्ये सांकेतिक स्वरूपात ठेवला आहे.

उंबरठा

जो पासवर्ड प्रोग्रॅमला उलगडता येतो तो प्रोग्रॅम हाती असलेल्या माणसालाही उलगडता येतो. डॉटनेटमधील प्रोग्रॅम डीकंपाइल करणे तर फारच सोपे आहे. तेव्हा असे धरून चालावे की प्रत्येक कर्मचारी पीजी-अ‍ॅडमिनसारखे साधन उघडून याच नावाने सर्व्हरवर जाऊ शकतो, आणि मग विचारावे की तेथे त्याला काय काय करता येईल. आज उत्तर आहे: टेबल पुसून टाकण्यासह सगळे. फॉर्मवरचे बटण लपवल्याने अधिकार कमी होत नाहीत.

म्हणून मालकीचा रोल (पोस्टग्रेसमधील वापरकर्ता किंवा गट) वेगळा ठेवावा आणि त्याने रोज कोणीही जोडू नये. प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःचे लॉगिन द्यावे, ती लॉगिने ‘भांडार लेखक’, ‘भांडार वाचक’ अशा गट-रोलमध्ये घालावीत आणि ग्रँट (अधिकार) फक्त गटांना द्यावेत. लेखकाला जावकेच्या टेबलवर ‘इन्सर्ट’ मिळेल, ‘डिलीट’ मिळणार नाही. शिल्लक थेट बदलू द्यायची नसेल तर ती बदलणारे एक फंक्शन लिहून फक्त ते चालवण्याचा अधिकार देता येतो. संगणक विंडोज डोमेनमध्ये असतील तर केर्बेरोसमार्फत विंडोजच्याच लॉगिनवर ओळख पटवता येते आणि पासवर्ड साठवण्याचा प्रश्नच संपतो. जुन्या आवृत्तीवरून पंधराव्या किंवा त्यापुढच्या पोस्टग्रेसवर नव्याने डेटाबेस बनवला असेल तर ‘पब्लिक’ स्कीमामध्ये (टेबलांच्या सामाईक कप्प्यात) टेबल बनवण्याचा सर्वांना असलेला अधिकार आता मुळात नसतो, हेही ध्यानात ठेवावे. मालक नसलेल्या रोलने काही बनवायला गेल्यास नकार येतो आणि तो योग्यच आहे.

टीएलएसबाबत (संभाषण सांकेतिक करणाऱ्या पद्धतीबाबत) इतकेच, की ‘एसएसएल मोड’ला ‘रिक्वायर’ दिल्याने वाटेतील संभाषण झाकले जाते, पण समोरचा सर्व्हर खरोखर आपलाच आहे याची खातरजमा होत नाही. ती ‘व्हेरिफाय-फुल’ने होते.

अर्धविराम

हे सगळे ऐकल्यावर असे वाटते की डेस्कटॉपने डेटाबेसशी थेट बोलूच नये, मध्ये एक वेब सेवा लिहावी. तसे करावे का?

काटकोन

माझे मत: दहा-बारा संगणक एकाच अंतर्गत नेटवर्कवर असतील तर थेट जोडणीत गैर काही नाही, आणि वेब सेवा लिहिली म्हणून वर लिहिलेले लॉक आणि ट्रॅन्झॅक्शनचे नियम बदलत नाहीत. ५४३२ हा पोर्ट सार्वजनिक इंटरनेटवर उघडण्याची वेळ आली की मात्र थेट जोडणी सोडावी. तेथे व्हीपीएन किंवा सेवा यांपैकी एक हवेच. सेवेच्या बाजूने माझ्या दृष्टीने खरे वजनदार कारण आवृत्त्यांचे आहे. टेबलमधील रकान्याचे नाव बदलले की बारा संगणकांवरचे बारा प्रोग्रॅम एकाच क्षणी बदलावे लागतात. थेट जोडणी ठेवायची असेल तर प्रोग्रॅमने टेबलांऐवजी व्ह्यूंशी बोलावे, आणि सुरू होताना टेबलांच्या रचनेची (स्कीमाची) आवृत्ती तपासून जुळत नसल्यास कामच सुरू करू नये.

अर्धविराम

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ग्लोबल कनेक्शन काढले, आवृत्तीचा रकाना घातला, पूलची मर्यादा पाचवर आणली. पडदा गोठण्याची तक्रार त्यानंतर आलेली नाही. एकच गोष्ट राहिली आहे: व्हीपीएनवरून जोडलेल्या एका संगणकावर मालाची यादी उघडायला दहा-बारा सेकंद लागतात, तीच यादी इतरत्र लगेच उघडते. सर्व्हरवर क्वेरी मात्र जलद दिसते.

तळटीप

यादीत किती ओळी आहेत, आणि प्रत्येक ओळीसाठी पुरवठादाराचे नाव वेगळ्या क्वेरीने आणले जाते का?

अर्धविराम

सुमारे ३०० ओळी आहेत, आणि होय, नाव वेगळ्या क्वेरीने येते.

तळटीप

मग गुणाकार करून पाहा. यादीची एक क्वेरी आणि नावांच्या ३०० क्वेरी, म्हणजे ३०१ फेऱ्या. व्हीपीएनवर एका फेरीला ४० मिलिसेकंद लागत असतील तर फक्त ये-जा करण्यात बारा सेकंद गेले. अंतर्गत नेटवर्कवर फेरीला अर्धा मिलिसेकंद लागतो, म्हणून तेथे हे लपून राहते. सर्व्हरला यातील प्रत्येक क्वेरी जलदच दिसणार, कारण त्याच्या बाजूने ती आहेही जलद. पुरवठादाराचे टेबल ‘जॉइन’ करून सगळे एकाच क्वेरीत आणा.

काटकोन

आणि जाता जाता, कनेक्शन स्ट्रिंगमध्ये ‘अ‍ॅप्लिकेशन नेम’ हा एक गुणधर्म देता येतो. त्यात प्रोग्रॅमची आवृत्ती आणि संगणकाचे नाव लिहा. पुढच्या वेळी पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये एखादी जोडणी लॉक धरून बसलेली दिसली, तर ती कोणत्या टेबलावरच्या संगणकाची आणि कोणत्या जुन्या आवृत्तीची आहे हे त्याच ओळीत वाचता येईल. मात्र फॉर्मचे नाव त्यात घालू नका, कारण कनेक्शन स्ट्रिंग बदलली की पूलही वेगळा होतो आणि पाचाची मर्यादा फॉर्मागणिक पाच होऊन बसते.